मधल्या चोराची बायको

१६ मार्च, रविवार

कुंदे, आधी हे सांग, मी कोण ते आठवतंय का? नसेल आठवत तर पहिल्यापासून सांगते. मी तुझी आई, उमेळ्याची धोंडूबाई. लहानपणीही तू अशीच होतीस. विहिरीवर पाठवली की कळशी विसरून यायचीस, आणि कळशी आणायला परत धाडली की कशाला आलो तेच विसरून जांभळाखाली बसायचीस. पण सोळा वर्षं माहेरचं अंगण विसरणं म्हणजे जरा जास्तच झालं. बाबांच्या दहाव्याला आलीस, उभ्याउभ्या पाणी न घेता गेलीस, ती गेलीसच.

ही वही मी बोलते आणि ज्युली लिहिते. तुझी ज्युली टीचर, पापडीची. शाळेतून निवृत्त होऊन तिला दहा वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, तरी दुपारी रिक्षा करून येते. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. ज्युलीने पहिल्यांदा विचारलं, काकी, तुम्ही पानी म्हणता ते मी पाणी लिहू का? मी म्हटलं, तू तुझं शाळेतलं पाणी लिही, मी माझं पानी पिते. ती हसली नाही. तिचा सध्या उपवासकाळ चाललाय, ईस्टरपर्यंत हसणंही सोडलं असेल.

वही माझ्या पेटीत राहील. मी गेले की तुझ्याकडे येईल. म्हणजे खरं बोलायला काही हरकत नाही, ऐकायला मी नसेन.

वही सुरू करायचं कारण असं. आपल्या हरेश्वरचा प्रितेश, म्हणजे तुझा भाचा, तू त्याला चड्डीत बघितलंस, त्याचं लग्न ठरलं. मुलगी नायगावच्या नव्या टॉवरात राहते, बाराव्या मजल्यावर. आज आईवडिलांना घेऊन आली होती. नाव सुरुची. डोळ्याला चष्मा, काचा बाटलीच्या बुडासारख्या. हरेश्वरच्या बायकोने, हेमांगीने, चहा दिला तर वाफेने काचा धुरकटल्या. मुलीने ओढणीने पुसल्या, परत घातल्या आणि पोह्यांची बशी उचलली. मी हेमांगीच्या तोंडाकडे बघत होते, आता सासूबाई काहीतरी बोलतील म्हणून. तिने विचारलं, लिंबू देऊ का अजून.

एवढंच. लिंबू.

पाहुणे गेल्यावर मी प्रितेशला ज्युलीला फोन लावायला सांगितला.

१९ मार्च, बुधवार

प्रितेशला मी म्हटलं, अरे, सुरुची कोण ते माहीत आहे का? ध्रुवाची सावत्र आई. बापाच्या मांडीवर बसलेल्या पोराला तिने हाताला धरून खाली उतरवलं, म्हणून ते जाऊन आभाळात बसलं ते आजतागायत उतरलं नाही. तर तो म्हणाला, आजी, तिला हे सांगू नकोस, ती घाबरते तुला. मला घाबरते म्हणे. मी काय तिला मांडीवरून उतरवणार आहे?

लग्न अक्षय्य तृतीयेला, नायगावच्याच हॉलमध्ये, मुहूर्त संध्याकाळचा. सप्तपदी झाल्यावर गच्चीवर नेऊन ध्रुव आणि अरुंधती दाखवायची. प्रितेशने परस्पर गुरुजींना सांगून टाकलं, अरुंधती आमची आजी दाखवील, तिला अख्खं आभाळ पाठ आहे.

पाठ तर आहेच. माझा बाप खळ्यावर भाताची राखण करायचा तेव्हा मी त्याच्या शेजारी गोणपाटावर निजायची. सप्तर्षी वगैरे नाव मी सासरी आल्यावर ऐकलं. आमच्याकडे ती म्हातारीची बाज. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागे वाकडे चालतात ते तीन चोर. बाज चोरायला आलेत, पण म्हातारी वर निजलीय, ती जागी होईल म्हणून पुढेही नेता येत नाही आणि टाकूनही जाता येत नाही. म्हणून रोज ध्रुवाभोवती घिरट्या. मधल्या चोराच्या अंगाला खेटून एक बारीक ठिपका असतो, ती अरुंधती. म्हणजे गुरुजींची महापतिव्रता आमच्या हिशेबाने मधल्या चोराची बायको. तुझ्या बाबांना मी हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर ते ओटीवरून पडायचे राहिले हसून.

आज जेवण्याआधी मागच्या दारी जाऊन बघितलं. काही नाही. नायगावच्या टॉवरांचे दिवे एवढे, आभाळ ताकासारखं झालंय. हल्ली दिव्यांना कडी घालायची फॅशनही निघालीय, प्रत्येक दिव्याभोवती एक बांगडी. हेमांगी म्हणते कुठे आहे बांगडी. तिचं लक्ष नसतं.

ज्युली पान लिहून झालं की फोनने त्याचा फोटो काढते. विचारलं तर म्हणाली, वाळवी लागली तर? मी म्हटलं, आधी तुला लागू दे.

२८ मार्च, शुक्रवार

आज तुझ्या लग्नाचं सांगते. तुला आठवत नसेल असं म्हणणार होते, पण हे तू विसरली नसशील.

वैशाख होता. मांडव याच अंगणात, आणि अरुंधती दाखवायला भटजींनी तुला विहिरीच्या कट्ट्याशी उभं केलं. सगळी वऱ्हाडी मंडळी मागे. भटजींनी मान वर करून विचारलं, मुली, अरुंधती दिसली? आजवर या गावात प्रत्येक मुलीने दिसली म्हटलंय. ढग असले तरी दिसली, पाऊस असला तरी दिसली. माझ्या लग्नात मी आंब्याच्या झाडाकडे बघून दिसली म्हटलं होतं. ती काय परीक्षा असते का? तो एक शब्द असतो. म्हणायचा आणि घरात जायचं.

तू म्हणालीस, नाही दिसली.

भटजींनी परत विचारलं. तू परत तेच. मी मागून पाठीला चिमटा काढला, तरी तो शब्द काही तुझ्या तोंडातून बाहेर आला नाही. तुझी सासू माझ्याकडे वळून बघायला लागली. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याच्या घरी सहा महिन्यांत मरण, असं म्हणतात आपल्यात, आणि ते तिला माझ्याहून पाठ होतं. भाद्रपदात तुझा सासरा गेला. म्हातारा आधीच खोकत होता, पण खोकल्याला कोण विचारतो.

एका शब्दाने संसार मोडलास तू. हट्टी पहिल्यापासून.

ज्युलीने हे सगळं लिहिलं, टोपण लावलं आणि म्हणाली, काकी, आज एवढंच पुरे. चहा न घेता गेली. शुक्रवारी तिला चहा चालतो खरं तर.

३० मार्च, पाडवा

ज्युलीला मुद्दाम बोलावलं, सणाचं. तिने वही उघडली आणि पेन खाली ठेवून म्हणाली, परवाचं पान अर्धं आहे. मी म्हटलं, पूर्ण आहे. ती म्हणाली, चष्मा कुठाय त्यात?

तर लिही.

कुंदाला बाराव्या वर्षी फळ्यावरचं दिसत नव्हतं, ते तिच्या ज्युली टीचरने ओळखलं. टीचरनेच वसईला नेऊन चष्मा आणला. जाड काळ्या काड्यांचा. त्यानंतर पोरगी पहिल्यांदा संध्याकाळी अंगणात आली आणि वर बघून म्हणाली, आई, एवढे असतात? मी तिला त्या दिवशी बाज दाखवली, तीन चोर दाखवले, मधल्याची बायको दाखवली. तिला ती माझ्याआधी दिसली.

लग्नाच्या वयाला आली तेव्हा मी चष्मा काढून घेतला. चष्मेवाली मुलगी कोण करून घेतो, हे तेव्हा आमच्यात सगळ्याच बोलायच्या. दाखवायच्या दिवशी ती चहाचा ट्रे घेऊन भिंत चाचपत आली, आणि बघायला आलेली माणसं म्हणाली, मुलगी किती हळू चालते, संस्कार आहेत. चष्मा मी तांदळाच्या पिंपात घातला होता, खाली, माप टाकतो तिथे. लग्नाच्या दिवशी तिने मागितला, तासाभरापुरता. मी म्हटलं, वर बघ आणि दिसली म्हण.

ती खोटं बोलली नाही. बोलायला मी शिकवलं होतं, तेवढं तिला जमलं नाही.

६ एप्रिल, रविवार

आज रामनवमी. हरेश्वर देवळात गेला, मी घरी. दोन दिवसांपासून डोक्यात सप्तर्षींच्या बायका आहेत, त्यांचं सांगते. ज्युलीला ही गोष्ट ठाऊक नव्हती.

सात ऋषी, त्यांच्या सात बायका. अग्नीची नजर फिरली आणि त्या सगळ्या त्याला आवडायला लागल्या. बिचाऱ्यांना पत्ताही नाही, आपापल्या घरी आमटीला फोडणी देत असतील. तिकडे स्वाहाचा जीव अग्नीवर. तिने युक्ती केली, एकेकीचं रूप घ्यायचं आणि अग्नीकडे जायचं. सहा जणींचं रूप तिला घेता आलं. सातवीचं, अरुंधतीचं, काही केल्या जमेना, एवढी तिची पुण्याई. गावभर बोंब झाली, ऋषींच्या बायका अग्नीकडे जातात. सहा ऋषींनी सहा जणींना घराबाहेर काढलं. अग्नीने नजर टाकली, स्वाहाने सोंग घेतलं, आणि बाहेर कोण गेलं? ज्या घरात होत्या त्या. स्वाहाला मात्र आजही प्रत्येक होमात नावाने हाक मारतात.

मग त्या सहा जणींनी एक उघड्यावरचं पोर वाढवलं. तो कार्तिकेय. दुसऱ्याचं पोर, पण सहा जणींनी अंगावर पाजलं, म्हणून त्याला सहा तोंडं. त्या सहा म्हणजे कृत्तिका. आणि बघ, देवाची करणी काय आहे ते. चैत्रात संध्याकाळी नवरे इकडे उत्तरेला वर चढत असतात, आणि त्याच वेळी या सहा जणी तिकडे समुद्राच्या बाजूला खाली उतरत असतात. आभाळ एवढं मोठं, पण त्यांची गाठ पडू देत नाहीत.

ज्युलीने विचारलं, आणि अरुंधती?

मी म्हटलं, ती बसलीय नवऱ्याशेजारी. तिला कोणी घालवलं नाही.

ज्युली म्हणाली, तसं नाही काकी. त्या सहा जणींना घालवत होते तेव्हा ती काय म्हणाली?

साठ-पासष्ट वर्षं ही गोष्ट सांगतेय मी. माझ्या सासूने मला सांगितली, मी तुम्हाला. पण हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. गोष्टीत ती काहीच बोलत नाही.

९ एप्रिल, बुधवार

ज्युली हात धुवायला मोरीत गेली होती. तिचा फोन टेबलावर वाजला. हिरवं दाबायचं असतं एवढं मला कळतं. दाबलं आणि कानाला लावला. तिकडून बाई म्हणाली, "टीचर, आज वाचायला उशीर झाला का? त्या सहा जणींच्या पुढचं आहे ना आज?"

कुंदा, तुझा आवाज जाड झालाय. घसाही बसल्यासारखा वाटला. वसतिगृहात एवढ्या पोरींना हाका मारतेस तिथे, बसणारच.

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. तू दोनदा टीचर, टीचर म्हणालीस, मग म्हणालीस, रेंज नाही वाटतं. मी फोन टेबलावर ठेवला, जसाच्या तसा, पालथा.

ज्युली आली. मी म्हटलं, वाळवी लागू नये म्हणून फोटो काढतेस ना? तिला कळलं. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून वाचून दाखवतेय. मेल्यावर वाचायला देण्यात काय अर्थ आहे, काकी, तुम्ही कधीच खोटं पडत नाही त्यात.

मी तिला सांगितलं, हे सगळं लिही, तुझ्याच हाताने लिही, आणि मग उद्यापासून येऊ नकोस.

तिने लिहिलं.

२१ एप्रिल, सोमवार

बारा दिवस वही बंद होती. काल ज्युलीचा ईस्टर झाला, आज आली. मी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, बस. तिने फोन काढून टेबलावर ठेवला, उताणा. म्हणाली, लपवत नाही आता.

मी म्हटलं, वाचतेसच तर नीट वाच, अडखळू नकोस. एकच गोष्ट उरलीय. ही मी पेटीत ठेवणार होते, आणि पेटीतही खाली.

कुंदा, भाद्रपदात तुझी सासू तुला घेऊन आली. ट्रंक तुझ्या पायाशी होती. तुझे बाबा शेतावर, हरेश्वर शाळेत. ती ओटीवर बसली नाही, उभ्यानेच विचारलं, "हिचे डोळे अधू हायत, हे तुमाला ठाऊक व्हतं का?"

मी म्हटलं, "नाय बाय. आमच्यापासून पन लपवलं तिनं."

हे तू ऐकलंस. तू दारात होतीस, चार पावलांवर. माझ्याकडे बघितलंस, पण माझं तोंड तुला दिसलं का, ते मला आजही माहीत नाही. एवढ्या लांबून चष्म्याशिवाय तुला दिसायचं नाही. तीस वर्षं मी तेवढ्यावर काढली, की दिसलं नसेल.

सासू तुला तिथेच सोडून चालती झाली. तेव्हा तरी मी तुला आत घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, जा तिच्या मागे, पाया पड, एक शब्द बोलायला तुझ्या जिभेला काय झालं होतं. तू ट्रंक उचललीस. मला वाटलं, नायगावला सासरी गेलीस. तू पापडीला गेलीस, टीचरच्या घरी, आणि तिथून जव्हारला मुलींच्या वसतिगृहात, भाकऱ्या भाजायला. बाबांना मी सांगितलं, रागाने गेली. ते दोनदा तुला आणायला आले. तू आली नाहीस, आणि का ते त्यांना सांगितलं नाहीस. तू माझं खोटं तेव्हाही उघडं पाडलं नाहीस. त्याचं मला बरं वाटलं होतं, हेही लिही, ज्युली.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी तांदूळ काढताना माप काचेवर आपटलं. एक काच फुटली. त्या दिवशी भातात काच असेल म्हणून मी अख्खं पिंप चाळत बसले.

आता माझ्यासाठी लिही, ज्युली, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. सहा जणींना घालवलं तेव्हा त्या घरी नव्हत्या हे खोटं आहे, हे एकट्या अरुंधतीलाच माहीत होतं. ती शेजारीच राहत होती. ती बोलली असती तर तिला कोणी काही केलं नसतं, एवढी तिची पत. आणि आपण शेकडो वर्षं नवऱ्या मुलींना तीच दाखवतो. तिच्यासारखी हो म्हणून सांगतो. तशीच झाले मी.

२५ एप्रिल, शुक्रवार

ज्युलीने वाचलं. म्हणाली, कुंदाने फोन ठेवला नाही. बराच वेळ पलीकडे पोरींचा जेवणाचा गलका येत होता, ताटं वाजत होती.

लग्नाची पत्रिका हरेश्वरने पाठवली, मी ज्युलीकडून निरोप दिला. ये. येऊन माझ्याशी बोलू नकोस, हवं तर ज्युलीच्या शेजारी बस, जेव आणि जा. शाळांना सुट्ट्या आहेत, हे मला माहीत आहे, तेव्हा ते कारण सांगू नकोस.

आज सुरुची आली होती, साडीच्या ब्लाउजचं काहीतरी होतं हेमांगीकडे. माझ्यापाशी येऊन बसली. मी तिला विचारलं, लग्नात चष्मा घालणार का? म्हणाली, नाही आजी, लेन्स लावणार, फोटोत बरं दिसतं. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं लपवायला? तर म्हणाली, कोणी नाही, माझं मलाच वाटलं, लपवायचं काय त्यात. मग माझ्या चेहऱ्यासमोर बोटं हलवून म्हणाली, आजी, किती? मी म्हटलं, तुझ्या हाताला असतात तेवढी. ती हसली, पण परत विचारलं. पोरगी कुठल्याशा लॅबमध्ये काम करते, चाणाक्ष आहे.

डाव्याने दोन वर्षं काही नाही. उजव्याने धुकं, अगदी जवळचं तेवढं कळतं. दिव्यांना बांगड्या मलाच दिसतात. हे आजवर घरात कोणाला कळू दिलं नाही. आमटीत मीठ दोनदा पडतं ते हेमांगीच्या माथी मारते. आभाळ ताकासारखं झालंय ते टॉवरांमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलंय, आणि टॉवरांना कोणी विचारायला जात नाही.

अक्षय्य तृतीयेचं ठरवून ठेवलंय. गच्चीवर गेलं की उत्तर कुठली ते हरेश्वरला आधी विचारून घ्यायचं, गप्पांत. मग हात करायचा. म्हातारीच्या बोटाची शंका कोण घेतं?

१ मे, गुरुवार

काल लग्न झालं.

तू आली नाहीस. ज्युलीच्या शेजारची खुर्ची तिने पिशवी ठेवून धरून ठेवली होती. जेवणाची पहिली पंगत उठली तेव्हा पिशवी खाली ठेवली. मी बघत नव्हते. म्हणजे मला दिसत नव्हतं, पण हेमांगीला दोनदा विचारलं, ज्युलीच्या बाजूला कोण बसलंय?

सप्तपदी झाली, अंधार पडला. सगळ्यांना गच्चीवर नेलं. लिफ्टमधून. गुरुजी प्रितेशच्याच वयाचे, त्यांनी आधी ध्रुव दाखवला, दिसला, दिसला झालं. मग म्हणाले, आता अरुंधती, आजी दाखवणार. मला धरून पुढे आणलं. उत्तर कुठे ते मी आधीच विचारून ठेवलं होतं, पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे. आता वैशाखात बाज तिथे वर असते, आणि त्या सहा जणी पश्चिमेला समुद्रात बुडायला आलेल्या असतात. सगळं पाठ. फक्त हात करायचा होता. सुरुची माझ्या खांद्याला लागून उभी होती, फुलांचा वास येत होता, वसईचाच मोगरा. ती म्हणाली, "आजी, कुठे?"

मी हात वर केला. मग खाली घेतला.

"मला नाय दिसत," मी म्हटलं.

गुरुजी म्हणाले, असू द्या आजी, दिसली म्हणा, पुढचं घेऊ.

"नाय म्हननार. दिसत नाय तं दिसली कशी म्हनू? दोन वर्षं झाली, मला कायच दिसत नाय."

कुंदा, मी वाट बघत होते. कोणीतरी काहीतरी बोलेल. सुरुचीची आई मागे होती, तिची नजर माझ्या पाठीवर असेल असं वाटलं. सगळी हसली. वाईट नाही, आपलं हसतात तसं. कोणीतरी म्हणालं, आजींना मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन करून टाका, अर्ध्या तासाचं काम. सुरुचीने प्रितेशचा फोन घेतला, आभाळाकडे धरला, त्यात म्हणे ताऱ्यांची नावं येतात. तिला सापडली. तिने माझा हात धरून त्या बाजूला केला आणि म्हणाली, आजी, इथे, आता तुम्ही दाखवा. मी दाखवली. गुरुजींनी मंत्र म्हटला. खाली आइस्क्रीम सुरू झालं होतं, सगळे लिफ्टकडे पळाले.

झालं. तेच शब्द. तुझ्या वेळी याच शब्दांनी काय काय झालं आणि माझ्या वेळी लोकांनी आइस्क्रीम खाल्लं. मी शिक्षेला उभी राहिले होते, ती कोणी दिलीच नाही. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. म्हणजे तेव्हाही काही व्हायची गरज नव्हती. मी नुसती तुझ्या बाजूला उभी राहून म्हटलं असतं, तिला नाय दिसत, तिचा चष्मा माझ्याकडे हाय, तर भटजींनी पुढचं घेतलं असतं. कदाचित सासू चार दिवस धुसफुसली असती. तेवढंच.

घरी येताना गाडी हरेश्वरने चालवली. उमेळ्याच्या फाट्याला म्हणाला, "आई, ताई पन हेच बोल्ली व्हती ना?" तेव्हा सोळा वर्षांचा होता, मांडवात पाणी वाढत होता. मी हो म्हटलं. चष्मा कुठे होता तेही सांगितलं. तो बराच वेळ गाडीतून उतरला नाही. आज सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही. बरोबर आहे त्याचं.

४ मे, रविवार

ज्युली चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आली, दुपारपर्यंत थांबली नाही. तिने गुरुवारचं वाचून दाखवलं तुला. म्हणाली, आइस्क्रीमपाशी कुंदा हसली. मी विचारलं, कशी हसली? ज्युली म्हणाली, नीट सांगता येणार नाही. मग तू विचारलंस, मोतीबिंदू कुठल्या डोळ्यात जास्त आहे, आणि तुमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाईचं केलं तो डॉक्टर पालघरला बसतो, त्याचं नाव सांगितलंस. येते म्हणाली नाहीस. माफ केलं म्हणाली नाहीस. मी विचारायला सांगितलंही नव्हतं.

फोन ठेवताना म्हणालीस, बुधवारी आमची गाडी वसईला येतेय, आईला काय पाठवू?

ज्युलीने हे मला दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. आता लिही, ज्युली, आणि ताबडतोब वाचून दाखव, बुधवार लांब नाही.

कुंदा, गोड काही पाठवू नकोस, लग्नाचे लाडू अजून मुंग्या खातायत. तुमच्याकडची नागली पाठव, म्हणजे नाचणीच, पीठ करून. तू तिथे तीस वर्षं पोरींना ज्याच्या भाकऱ्या घालतेस ते. मी कधी खाल्ली नाही तुझ्या हातची, पिठाची तरी चव कळेल. जाडसर दळ, चाळू नकोस, कोंडा राहू दे. प्लास्टिकच्या पिशवीत नको, स्टीलच्या डब्यात पाठव, झाकणावर तुझं नाव कोरलेला असेल तो. मला वाचता येत नाही आणि आता दिसतही नाही, पण कोरलेलं बोटाला लागतं. डबा मी कोणाच्या हाती परत धाडणार नाही. पालघरला ऑपरेशन होऊन डोळ्यावरची पट्टी सुटली की हरेश्वर बोलो न बोलो, त्याला गाडी काढायला लावून स्वतः आणून देईन, तू दारात घे नाहीतर आत बोलाव, तुझी मर्जी. पीठ भरताना दाबून भर, वाटेत खाली बसतं.